खड्डा नंबर पाच आणि सहा

टेकाडाच्या पश्चिमेकडच्या गव्हाच्या शेतातून जावयाला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली म्हणजे पुरातत्त्व कार्यालयात नव्याने निघणाऱ्या हवाई सर्वेक्षण विभागाचं प्रमुखपद, म्हणजे खिडकीजवळचं टेबल आणि आतून कडी लागणारी खोली. दुसरी, अहवालावर पहिलं नाव. आजवर त्याचं नाव चौथं-पाचवं यायचं, आणि पानावर जागा कमी पडली की 'इत्यादी' या शब्दात राहायला जायचं. तिसरी गोष्ट कुठल्याही आदेशाने मिळत नाही, पण मनातल्या तराजूत तिचंच पारडं सगळ्यात खाली जात होतं. कार्यालयात शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे त्याला 'जावई' म्हणत. ते बंद व्हायला हवं होतं.

म्हणण्यात तसं खोटं काही नव्हतं. त्याचे सासरे त्याच कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे 'सर' म्हणत. ज्यांना त्यांनी शिकवलं नव्हतं, तेही म्हणत. अडतीस वर्षांपूर्वी सरांनी हे टेकाड खणलं आणि त्याचा जो अहवाल लिहिला तो आजही नवीन येणाऱ्यांच्या हातात दिला जातो. अहवाल लिहावा तर असा, म्हणून. त्यात एकूण सहा खड्डे. पहिले चार टेकाडाच्या पूर्व उतारावर, तिथे भिंती, चुली, खापरं असं पुष्कळ निघालं. पाचवा आणि सहावा पश्चिमेच्या सपाट शेतात. त्यांच्यापुढे सरांनी दोनच शब्द लिहिले होते : कोरी माती. त्या दोन शब्दांच्या भरवशावर टेकाडाला कुंपण पडलं आणि पश्चिमेकडचं शेत कुंपणाबाहेर राहिलं.

आता त्या शेतात एक शीतगृह उभं राहायचं होतं. बांधणाऱ्याला कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा होता. काम साधं होतं. एकदा ड्रोन उडवायचा, एक नकाशा काढायचा, खाली काही नाही असं लिहून सही करायची. काही नाही, हे सरांनी आधीच सांगून ठेवलेलं. जावयाने मात्र ते काम मागून घेतलं. मॅडमनी चष्म्यावरून बघत विचारलं, "एवढ्याशा कामाला तुम्ही कशाला?" तो म्हणाला, "सवय राहावी म्हणून." मॅडम निवृत्तीला टेकलेल्या, कागदाच्या पाठीमागचंही वाचणाऱ्या बाई. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "विभागप्रमुखाचं शुक्रवारी बोलू. या शुक्रवारी नको, पुढच्या."

जावयाने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

ड्रोन उडवायला जो गृहस्थ होता त्याला पायलट म्हणत. पूर्वी तो लग्नांचं चित्रण करायचा. कार्यालयाने त्याला कंत्राटावर घेतलं तेव्हा त्याने विचारलं होतं की इथे जेवण मिळतं का. नाही म्हटल्यावरही तो आला, यावरून लग्नांचा त्याला किती कंटाळा आला असेल ते ओळखावं.

सकाळी सातला दोघं शेताच्या बांधावर पोचले. पाऊस नाही, वारा नाही, गहू कमरेला लागणारा आणि पिवळा पडायच्या बेतात. शेताच्या कडेकडेने त्यांनी चुन्याच्या पांढऱ्या फुल्या मारल्या, म्हणजे वरून काढलेले फोटो नंतर एकमेकांना नेमके जुळवता येतात.

"साहेब, एक विचारू?" पायलट म्हणाला. "आपल्याला हवंय जमिनीच्या खालचं आणि आपण जातोय वर. ही कुठली रीत?"

"पीक चुगली करतं," जावई म्हणाला. "खाली दगडी भिंत असेल तर मुळांना खोल जाता येत नाही, पीक आधी वाळतं. खाली बुजलेला खड्डा किंवा चर असेल तर तिथली माती भुसभुशीत, ओल धरून राहते. तिथे पीक चार दिवस जास्त हिरवं राहतं. उभं राहून दिसत नाही. वरून दिसतं."

"आणि हा दुसरा कॅमेरा?"

"आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड टिपतो. ताजं पान त्यात झळकतं, सुकतं पान मंद दिसतं. डोळ्याला सगळं सारखंच पिवळं वाटत असताना याला फरक कळतो."

"म्हणजे बायकोसारखा," पायलट म्हणाला आणि ड्रोन वर सोडला.

ड्रोन शेतावरून, मग टेकाडावरूनही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, पुन्हा वळला. नांगरट करावी तशी. चार बॅटऱ्या संपल्या. अकराशे चाळीस फोटो निघाले. लग्नात एवढ्या फोटोंत दोन घराण्यांचा समझोता आणि एक भांडण येतं, असं पायलटने गाडीत बसताना सांगितलं. जावयाने ऐकलं नाही. त्याने हातातल्या छोट्या पडद्यावर काहीतरी पाहिलं होतं.

कार्यालयातल्या संगणकाने फोटो जोडायला अख्खा दिवस आणि पंख्याची अखंड घरघर घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र पुरं झालं. पूर्वेच्या गवतात सरांचे जुने खड्डे, पाकिटावर तिकिटं चिकटवावीत तसे, कडा धरून चौकोनी हिरवे. आणि पश्चिमेला, जिथे कोरी माती असायची तिथे, बारीक हिरव्या रेघांचे आठ सारखे आयत. चार-चारच्या दोन रांगा, मध्ये सरळ गल्ली. गल्लीच्या तोंडाशी एक जरा मोठा आयत. बाजूला एक लांबुळका. आणि सगळ्यांपासून दूर, उताराच्या बाजूला, एक एकटाच लहान चौकोन. त्याच्याकडे जाणारी अस्पष्ट वाटसुद्धा दिसत होती.

हिरवी रेघ म्हणजे खाली चर. इथवर पायलटलाही कळलं. जावई मात्र शिकलेला होता, आणि चूक व्हायची ती शिकलेल्याच्या हातूनच इतकी नीटनेटकी होते. पुस्तकात असं आहे : वस्ती उजाड होते, भिंती पडतात, पुढचे लोक पायातले दगडसुद्धा उपसून नेतात, मागे उरतो तो चर. म्हणजे चर दिसला की तिथे एकेकाळी भिंत होती. हा तर्क खोटा नाही. पुष्कळ ठिकाणी लागू पडतो. कुठे पडत नाही, तेही पुस्तकात आहे. पण ती ओळ तळटिपेत असते, आणि तळटीप वाचायला माणसाला घाई नसावी लागते.

संध्याकाळपर्यंत जावयाने आयतांना नावं दिली. आठ सारख्या खोल्या, म्हणजे शिस्तीत राहणारी माणसं, म्हणजे सैनिकांची चाळ. मोठा आयत अधिकाऱ्याचा. लांबुळका, धान्याचं कोठार. दूरचा एकटा चौकोन, पूजास्थान.

"पूजास्थान कशावरून?" पायलटने विचारलं.

"वस्तीपासून मुद्दाम लांब. आणि वाट बघ, किती मळलेली आहे. सगळे तिथे नेमाने जात असणार."

पायलटने मान डोलावली. कंत्राटी माणसाला मान डोलावण्याला पर्याय नसतो.

राहता राहिले सर. पाचवा आणि सहावा खड्डा त्यांनी याच शेतात घेतले होते. बांधावरच्या हद्दीच्या दगडापासून किती पावलांवर, तेही अहवालात होतं. जावयाने हिशेब केला तर पाचवा खड्डा अगदी अधिकाऱ्याच्या घराशी येत होता. एवढी वस्ती पायाखाली असून सरांना दिसली नाही. जावयाला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्याला आतून एक गुदगुली होती.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात बसायची. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून तिला नवऱ्याचा चेहरा वाचायला चष्मा लागत नसे.

"बाबांना दाखवलंस?"

"दाखवेन की."

"कधी? खोलीला कडी लावून झाल्यावर?"

"अगं, त्यांच्याच अहवालाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आहे. आधी पक्कं होऊ दे."

"तिथे महिनाभर राहिलेला माणूस इथून दहा मिनिटांवर राहतो," ती म्हणाली, "आणि तू अकराशे फोटोंना विचारत बसलायस."

यावर उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. सरांना विचारायला जाणं म्हणजे पुन्हा जावई होणं.

तरी रविवारी जावं लागलंच. रविवारी दुपारी सासुरवाडीला जेवायचं, हा अकरा वर्षांचा रिवाज होता, आणि या अकरा वर्षांत त्याची खुर्चीही ठरलेली होती. जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला. मागे भिंतीवर एक जुना फोटो, सर आणि त्यांचे विद्यार्थी. फोटोकडे त्याची पाठ असायची.

सासूबाईंनी वाढता वाढता सरांना पाणी भरून ठेवायला सांगितलं होतं. ते विसरले होते.

"विसरणारच," सासूबाई म्हणाल्या. "यांना आठवतं ते फक्त जमिनीतलं. पोरगी एकोणीसला, खड्डा एकवीसला, हे बावीसला."

हे घरातलं जुनं वाक्य होतं. मुलगी, म्हणजे जावयाची बायको, एकोणीस तारखेला जन्मली. अहवालाप्रमाणे सहावा खड्डा एकवीसला पुरा झाला. आणि सर दवाखान्यात उगवले बावीसला. बाळंतपण अवघड गेलं होतं. सासूबाईंनी त्यानंतर आयुष्यात या विषयावर कधी भांडण केलं नाही. फक्त हे वाक्य जपून ठेवलं. पाणी, किल्ल्या, गॅसचं बिल, ओला टॉवेल, कुठल्याही प्रसंगाला ते चालायचं. सर त्यावर कधीच काही बोलत नसत. त्यांनी उठून पाणी भरलं.

जेवण झाल्यावर बायकोनेच विषय काढला, आणि जावयाला टॅबलेट सरांपुढे धरावा लागला. सरांनी चष्मा पुसला, चढवला, बराच वेळ पाहिलं. जावई समजावून सांगत होता. चाळ, अधिकारी, कोठार. सरांचं बोट एकेका आयतावरून सरकत दूरच्या लहान चौकोनावर येऊन थांबलं.

"हे काय म्हणालात?"

लग्नाआधी सर त्याला 'अरे' म्हणायचे. लग्नानंतर एका रात्रीत 'अहो' झालं आणि जावयाला ती बढती कधीच मानवली नाही.

"पूजास्थान असावं. लोक नेमाने जात असणार तिथे."

सरांना ठसका लागला. सासूबाईंनी पाणी पुढे केलं.

"नेमाने," सर म्हणाले. "हो. असणार." मग टॅबलेट परत दिला. "चित्र छान आलंय." आणि गॅलरीतल्या कुंड्या बघायला निघून गेले. कुंड्यांभोवती त्यांनी पाणी वाहून जायला सिमेंटात बारीक चर काढून घेतला होता. घर घेताना पहिलं काम त्यांनी तेच केलं होतं.

जावई घरी येताना म्हणाला, "बघितलंस? मान्य केलं त्यांनी."

"बाबा एवढ्या लवकर मान्य करत नाहीत," बायको म्हणाली. "ते गप्प बसले. दोन्हींत फरक आहे."

मंगळवारी पायलट शुक्रवारच्या सादरीकरणाचा नकाशा नीट काढत बसला होता. प्रत्येक खुणेपुढे नाव घालायचं होतं.

"साहेब, सरांचे खड्डे किती?"

"सहा."

"मला चार मिळतात."

"दोन पश्चिमेला आहेत. नीट बघ."

"बघितले. साहेब, लग्नात वरून घेतलेल्या फोटोत मी पंगतीची डोकी मोजून द्यायचो, आचाऱ्याचा आणि यजमानांचा वाद त्याच्यावर मिटायचा. चार आहेत."

जावई खुर्ची ओढून बसला. हद्दीचा दगड धरून त्याने स्वतः मोजलं. पूर्वेकडचे चार खड्डे, बुजवून अडतीस वर्षं झाली तरी, चार तिकिटांसारखे लख्ख हिरवे. तेवढ्याच लांबी-रुंदीचे, त्याहून खोल म्हणून लिहिलेले दोन खड्डे पश्चिमेला दिसायलाच हवे होते. पाचव्याच्या जागी अधिकाऱ्याचं घर होतं आणि घराच्या आतलं पीक सभोवतीसारखंच एकसारखं पिवळं. सहाव्याच्या जागी चाळीची तिसरी खोली. तिथेही तसंच. जमिनीला कुणी हातच लावलेला नव्हता.

सरांनी ते दोन खड्डे खणलेच नव्हते.

पाच मिनिटं जावयाला आनंद झाला, हे इथे नोंदवून ठेवलं पाहिजे. सरांनी खणलं नाही, म्हणून सरांना दिसलं नाही. चाळ शाबूत. सहाव्या मिनिटाला दुसरी बाजू दिसली. चाळ वाचवायची तर शुक्रवारी मॅडमसमोर उभं राहून म्हणावं लागणार, की आदर्श अहवालातली दोन पानं कल्पनेतली आहेत. म्हणजे एका वाक्यात विभाग मिळवायचा आणि त्याच वाक्यात रविवारचं जेवण घालवायचं.

बुधवारी दुपारी तो एकटाच सरांकडे गेला. बायको तिथे आधीच होती, बापाच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला आलेली. जावई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला.

"बाबा, पाच आणि सहा कुठे आहेत?"

सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी घडी घातली, पुन्हा घडी घातली. आणखी घडी पडेना तेव्हा खाली ठेवलं.

"कुठेच नाहीत," ते म्हणाले.

बायकोने गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

"आणि तुझी चाळही कुठे नाही," सर म्हणाले. उठले, जावयाच्या डोक्यावरून हात लांब करून भिंतीवरचा फोटो काढला. भिंतीवर फोटोच्या आकाराचा फिकट चौकोन उरला. फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. "अकरा वर्षं याला पाठ करून जेवलास. बघ आता."

फोटोत चौदा विद्यार्थी उकिडवे बसलेले. त्यांच्यामागे तंबू. चार-चारच्या दोन रांगा, मध्ये सरळ गल्ली. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा तंबू आणि त्याच्यापुढे तरुण सर, कमरेवर हात, दोन पाय एका चराच्या दोन काठांवर. प्रत्येक तंबूभोवती असाच चर होता, गुडघाभर खोल आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ.

"त्याआधीच्या वर्षी रात्री पाणी शिरलं आणि अठरा पेट्यांतली खापरं एकमेकांत मिसळली," सर म्हणाले. "तेव्हापासून माझा नियम झाला. तंबू नंतर, चर आधी. निघताना पोरांनी ते भटारखान्याच्या राखेने आणि उष्ट्या-खरकट्याने बुजवले. खत चांगलं लागलेलं दिसतंय."

"लांबुळका?"

"भटारखाना."

जावयाने चौथ्या गोष्टीचं विचारलं नाही. सरांनी आपणहून सांगितलं. "आणि ते तुझं पूजास्थान नाही, संडास आहे. रोज सकाळी रांग लागायची, एवढं मात्र तुझं बरोबर."

बायको तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळली. जावयाला हसू आलं नाही. पण सर 'तू' म्हणतायत हे त्याच्या लक्षात आलं.

सासूबाई आतून ओल्या हातांनी दारात आल्या होत्या. त्यांनी कधीपासून ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता.

"पाच-सहा तंबूंखालीच होते," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात तंबू हलवून घ्यायचे ठरले होते. एकोणीसला दुपारी तार आली. मी तसाच निघालो. गाड्यांचा संप. एक ट्रक, मग चालत, मग एका दूधवाल्याच्या गाडीत. तीन दिवस लागले. मुदत एकवीसला संपत होती, मागून पोरांनी गाशा गुंडाळला. मग अहवालात काम एकवीसपर्यंत चाललं असं दाखवणं भाग होतं. चार खड्ड्यांचाच अहवाल दिला असता तर पुढचं टेकाड मिळालं नसतं. पश्चिमेला काही नसावं असा माझा अंदाज होता. अंदाज लिहिला."

"एकोणीसला निघालात?" सासूबाई म्हणाल्या.

"दुपारी."

"मग अडतीस वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू कौतुकाने चार घरी सांगितलं असतंस. त्या चारांतली दोन घरं माझ्या साहेबांची होती."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

"म्हणजे मी आपली उगीचच बोलत होते."

"उगीच कशाला," सर म्हणाले. "मी ऐकत होतो की."

रविवारी ते गप्प का बसले, तेही जावयाला आता कळलं. चाळ खरी धरली तर सर निष्काळजी ठरत होते. छावणी म्हणून ओळखली तर खोटे ठरत होते. निष्काळजी ठरणं स्वस्त होतं, शिवाय त्यात जावयाची सोय होत होती. सरांनी त्यांच्या परीने हुंडाच द्यायचा बेत केला होता, उशिराने.

"आता काय करायचं ते तू ठरव," सर म्हणाले.

जावयाने एक दिवस ठरवण्यात घालवला. त्याचं कौतुक करण्याआधी हे लक्षात घ्यावं की चाळ जाहीर झाली असती तर खणती झालीच असती, आणि चार दिवसांत कुणाच्या तरी कुदळीला चहाचा कप लागला असता. तेव्हा प्रामाणिकपणाला फारसं भाडं पडत नव्हतं. त्याने एका पानाचं टिपण लिहिलं : पश्चिमेकडच्या खुणा जुन्या उत्खननाच्या छावणीच्या आहेत, प्राचीन नाहीत, दाखला द्यायला हरकत नाही. पाच आणि सहाबद्दल एक शब्द लिहिला नाही. पायलटला नकाशावर चार खड्डे दाखवून पुढे काही न लिहायला सांगितलं. पायलटने विचारलं नाही. लग्नाच्या चित्रणात काय कापायचं हे त्याला न सांगता कळायचं.

शुक्रवारी मॅडमनी पान वाचलं, नकाशा पाहिला, कपाटातून जुना अहवाल काढून शेजारी ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं.

"छावणी इथे होती?"

"हो."

"मग खड्डा पाच सरांनी कुठे खणला? स्वतःच्या खाटेखाली?"

जावई खिडकीकडे बघत राहिला. खिडकीजवळचं टेबल तिथून स्वच्छ दिसत होतं.

"तुम्ही हे मला सांगताय की लपवताय?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही थोडं थोडं."

"एक काहीतरी नीट करायला हवं होतंत," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

सरांना पत्र गेलं. त्यांनी उलट टपाली एका ओळीत उत्तर दिलं, सुवाच्य अक्षरात : खड्डा क्रमांक पाच व सहा खणलेले नाहीत, त्यांपुढील मजकूर माझा अंदाज समजावा. खाली सही आणि तारीख. हे उत्तर पुढे बऱ्याच जणांनी बघायला मागून घेतलं, आणि अहवाल लिहावा तर असा, असं कुणी म्हणालं नाही.

पश्चिमेबद्दल आता कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळे दाखला अडला आणि ते दोन खड्डे खणायचं ठरलं, हद्दीच्या दगडापासून मोजून, नेमके अहवालात लिहिलेत तिथे. गव्हाची कापणी झाल्यावर दहा दिवस काम चाललं. जावयाला त्यात घेतलं नाही. माती कोरी निघाली. दोन्ही खड्ड्यांत, तळापर्यंत. सरांचा अंदाज शब्दशः खरा ठरला. पाचव्याच्या वरच्या थरात वाकडा झालेला एक स्टीलचा चमचा मिळाला, तेवढाच.

शीतगृहवाल्याला दाखला मिळाला, दोन महिने उशिराने. त्याने उशिराबद्दल खूप पत्रं लिहिली, पण शेवटी त्याचं काही गेलं नाही. हवाई सर्वेक्षण विभाग एका शांत गृहस्थांना मिळाला. ते दगडी हत्यारं मोजायचे. त्यांनी जन्मात ड्रोन उडवला नव्हता, त्यामुळे त्यांच्या हातून त्यात चूक झाल्याची नोंद नव्हती. पायलटचं कंत्राट वाढलं. मॅडमनी शिफारशीत लिहिलं की याला मोजता येतं.

जावयाच्या तीन गोष्टींपैकी खोली गेली आणि पहिलं नाव गेलं. तिसरी मिळाली. कार्यालयात त्याला आता कुणी जावई म्हणत नाही. त्याला 'पूजास्थान' म्हणतात. मागच्या महिन्यात एका समारंभात कुणीतरी सरांची ओळख करून देताना अडखळलं आणि म्हणालं, हे आपल्या ड्रोनवाल्यांचे सासरे. सरांनी मान लववली. नवीन येणाऱ्यांच्या हातात आता दुसराच कुणाचा तरी अहवाल देतात.

रविवारचं जेवण चालू आहे. फोटो पुन्हा भिंतीवर गेला, पण समोरच्या, म्हणजे जावयाला जेवताना दिसतो. परवा सर पाणी भरायला विसरले. सासूबाईंनी भांडं उचललं, तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. एकोणीस, एकवीस, बावीस, यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. त्यांनी स्वतःच पाणी भरलं.

तेव्हा शेवटचा हिशेब असा, की सरांचं नाव गेलं, ते त्यांनीच लिहिलं होतं. जावयाची खोली गेली, ती त्याची झालीच नव्हती. सासूबाईंचं मात्र अडतीस वर्षं पुरवून वापरलेलं, एवढं एकच भांडवल होतं. ते सगळं गेलं. चमचा त्यांच्याच घरचा निघाला. सहांच्या संचातला तो हरवलेला सहावा, दांड्यावरच्या वेलबुट्टीवरून त्यांनी खणतीच्या फोटोतच ओळखला. पण तोही त्यांना मिळाला नाही. त्याच्यावर नोंदणी क्रमांक पडला होता.